गावातल्या वास्तूवर गावातच व्याख्यान घ्यायचे असेल तर

आमचे पहिले व्याख्यान बुलडाणा आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरील एका गावात झाले. वक्ते अभ्यासू होते आणि विषय आम्हीच दिला होता : विदर्भाचा प्राचीन इतिहास. दीड तास त्यांनी वाकाटक राजघराण्याची नंदिवर्धन शाखा, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमची शाखा, 1939 साली सापडलेला वाशीमचा ताम्रपट, असे सगळे व्यवस्थित सांगितले. अर्ध्या तासात मंडप निम्मा रिकामा झाला, आणि शेवटपर्यंत बसलेल्या एका आजींनी उठताना विचारले, "मास्तर, आमच्या बारवीचं तं काई सांगतलंच नाई?" बारव, म्हणजे पायऱ्या उतरून पाणी भरायची दगडी विहीर, मंडपामागे पन्नास पावलांवर होती. आम्ही तिच्या काठावर जनरेटर ठेवला होता आणि त्याचे डिझेल वरच्या घडीव दगडावर सांडले होते. ती चूक सर्वस्वी आमची होती. त्यानंतर घेतलेल्या व्याख्यानांतून जी पद्धत बसत गेली, ती अशी उपक्रम करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, तरुण मंडळांसाठी, वाचनालयांसाठी आणि बचत गटांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

विषय एका वास्तूपुरता ठेवा

एका संध्याकाळी एकच वास्तू घ्यावी. बारव, गढीचा उरलेला बुरूज, वेशीचा दरवाजा, मंदिराचा मंडप, दर्गा, शेताच्या धुऱ्यावरची वीरगळ (लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा), कापसाचा जुना जिन, मालगुजाराचा (गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याचा) वाडा, पूर्व विदर्भात असाल तर मामा तलाव, यांपैकी काहीही चालते. विषय लहान घेतला म्हणजे इतिहास लहान होतो असे मुळीच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात तलावाच्या पाळीवर उभे राहून 'मामा' हे नाव 'माजी मालगुजारी' या शब्दांवरून आले एवढे सांगितले, की 1951 मध्ये मालगुजारी संपली तेव्हा तलावाची मालकी कोणाकडे गेली, पाळीची डागडुजी पूर्वी कोण करीत असे आणि आज सांडवा का फुटतो, हे प्रश्न ऐकणारेच विचारू लागतात. राजवंशांची नावे त्या ओघात येतात, आणि तेव्हा ती लक्षातही राहतात.

वास्तू निवडताना ती किती सुंदर आहे यापेक्षा तिच्याशी किती घरांचा संबंध आला आहे, हे पाहावे. कोरीव मंदिरापेक्षा जिथे सगळ्या गावाने पाणी भरले, किंवा जिथे काही घरांना पाणी भरू दिले गेले नाही, ती बारव व्याख्यानासाठी अधिक सकस विषय ठरते.

तारीख शेतीच्या कामांवरून ठरवा

कार्यक्रम पडतात ते बहुतेक तारखेमुळे. पेरणी आणि डवरणीच्या दिवसांत कोणी येणार नाही, सोयाबीन सोंगणीला आले की मजूर आणि कास्तकार दोघेही मोकळे नसतात, आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या पुढे बराच काळ चालते. आमच्या भागात संक्रांतीनंतरचे तीन आठवडे आणि पोळ्यानंतरचे काही दिवस बरे पडतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, त्या वेळी पाहुणे घरी असतात म्हणून दुपारचा कार्यक्रम चांगला होतो. उन्हाळा टाळावा, कारण मे महिन्यात रात्री नऊलासुद्धा दगड तापलेला असतो.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात अर्धे कास्तकार ओलितासाठी वावरात असतात. म्हणून तारीख नक्की करण्यापूर्वी वायरमनला पाळी विचारून घ्यावी. बाजाराचा दिवस टाळावा, सप्ताह चालू असेल तर त्याच्या आयोजकांशी बोलून त्यातलीच एखादी दुपार मागावी. स्त्रियांनी यावे असे खरोखर वाटत असेल तर वेळ स्वयंपाक आटोपल्यानंतरची ठेवावी, म्हणजे साडेआठ, आणि ती त्यांना विचारून ठरवावी.

परवानगी कोणाची लागते

प्रथम वास्तू कोणत्या यादीत आहे ते पाहावे. केंद्र संरक्षित स्मारके 1958 च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात, राज्य संरक्षित स्मारके 1960 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर, मार्कंडा येथील मंदिरे, गाविलगड, नरनाळा ही नावे सर्वांना माहीत असतात. अशा ठिकाणी मंडप, माइक, दिवे यांसाठी आगाऊ लेखी परवानगी लागते, म्हणून तेथे दिवसा फक्त फेरी काढावी आणि व्याख्यान शाळेच्या पटांगणात घ्यावे, हे सोपे.

खेड्यांतल्या बहुसंख्य वास्तू मात्र कोणत्याच यादीत नसतात. तेथे ग्रामपंचायत, देवस्थानाचे विश्वस्त किंवा दर्ग्याचे मुजावर, आणि जागा खासगी असेल तर सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत ती सर्व भावंडे, यांना प्रत्यक्ष भेटावे. एका भावाने होकार दिला म्हणून आम्ही एका वाड्यात तयारी केली आणि वाटणीचा वाद चालू असलेल्या दुसऱ्या भावाने आदल्या रात्री कुलूप घातले, असे एकदा घडले आहे. तेव्हापासून सगळ्यांकडे जातो.

माहिती गोळा करणे : आधी वास्तूपाशी बसा

कागदपत्रांकडे धावण्यापूर्वी किमान तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि सूर्य मावळताना, वास्तूपाशी जाऊन बसावे. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे आणि टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, खुणा उठून दिसतात. रात्री बॅटरीचा झोत दगडाला जवळजवळ घासून बाजूने टाकला तरी तोच परिणाम मिळतो. अक्षरांत खडू, पीठ, तेल किंवा रंग भरू नये, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडू नये. टेपने मापे घ्यावीत, आराखडा चौकटीच्या वहीत काढावा, फोटो घेताना दगडाशेजारी फूटपट्टी ठेवावी.

पाहायचे काय? दगड चुन्यात बसवले आहेत की चुन्याशिवाय, खाचांनी एकमेकांत अडकवून. वीट असेल तर तिची लांबी-रुंदी-जाडी, कारण पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडातून निघणारी जुनी वीट आजच्या विटेपेक्षा कितीतरी मोठी असते. कमान टोकदार आहे की पाकळीदार, कारण पाकळीदार कमानी 17व्या-18व्या शतकांच्या बांधकामांत सर्रास दिसतात. आणि एखादा कोरीव दगड उलटा किंवा आडवा बसवला आहे का, कारण तसे असेल तर तो दुसऱ्या, अधिक जुन्या वास्तूतून आणलेला असण्याचा संभव असतो.

येथे 'हेमाडपंती' या शब्दाबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते. विदर्भात काळ्या दगडाचे, चुना न वापरता बांधलेले कोणतेही मंदिर हेमाडपंती म्हटले जाते आणि ते हेमाद्रीपंडिताने बांधले असे ठामपणे सांगितले जाते. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा, म्हणजे महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला मंत्री. महादेवाची कारकीर्द 1261 च्या सुमारास सुरू झाली. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या मंदिरातला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इसवी सन 1176 चा आहे. हेमाद्रीच्या कितीतरी आधी ही बांधणी येथे रुजलेली होती, हे त्या एका आकड्यावरून कळते. तेव्हा व्याख्यानात 'हेमाडपंती पद्धतीचे' असे म्हणावे, 'हेमाडपंताने बांधलेले' असे म्हणू नये.

कागद कोठे मिळतात

वऱ्हाड आणि नागपूरकडचा प्रदेश यांची कागदपत्रे वेगळ्या वाटेने गेली आहेत, आणि हे माहीत नसेल तर महिने वाया जातात. वऱ्हाड निजामाकडे होते, 1853 च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई; पूर्वेकडे मालगुजारी. म्हणून अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ भागात जुनी सनद फारसीत सापडू शकते, भोसल्यांच्या मुलखात मोडीत; आणि मालगुजारीच्या गावांत निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज ही दोन कागदपत्रे हमखास पाहावीत, कारण तलाव, पांदण, चराई, जळण यांवर कोणाचा कोणता हक्क होता, हे त्यांत गावनिहाय नोंदलेले असते.

याखेरीज चार ठिकाणे सांगतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातला गावाचा जुना नकाशा, ज्यात आज बुजलेली विहीर किंवा वेस दिसू शकते. जिल्हा गॅझेटिअर, त्यांतही 1910 च्या आगेमागे छापलेली जुनी आवृत्ती. शिवाय हेन्री कझन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची जिल्हावार यादी 1897 मध्ये प्रसिद्ध केली, तीत आपल्या गावाचे नाव आहे का तेही पाहावे. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर, ज्यातून शंभर वर्षांपूर्वी गावात कोणते व्यवसाय होते हे जितके स्पष्ट कळते तितके दुसऱ्या कशावरून कळत नाही. मात्र त्यातली नावे आणि जाती जाहीर वाचू नयेत. केवळ व्यवसायांची मोजदाद सांगावी.

सनावळीचे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे : शकात 78 मिळवले की इसवी सन येते, विक्रम संवतातून 57 वजा करावे लागतात, फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, 590 मिळवावे लागतात. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. हिजरीला असे सरळ गणित चालत नाही, कारण ते चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते. तेथे कोष्टकच पाहावे.

म्हाताऱ्या माणसांकडून ऐकताना

प्रत्येकाला आधी त्याच्या घरी, एकट्याला भेटावे. पारावर चौघांत विचारले की सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. 'बारव किती जुनी?' असे विचारू नये. 'तुमच्या लहानपणी खालची पायरी दिसत होती का?', 'बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठपर्यंत खाली गेलं होतं?', 'गाळ कोणी काढला?' असे विचारावे. सन आठवत नाही, पण 1972 चा दुष्काळ, चीनचे युद्ध, गांधीजींची हत्या यांच्या आधी की नंतर, हे आठवते.

लग्न होऊन गावात आलेल्या स्त्रियांना अवश्य भेटावे. पाणी त्यांनी वाहिले, त्यामुळे कोणत्या पायरीवर पाय घसरत असे हेही त्यांना माहीत असते. आणि ज्यांना त्या पायऱ्या उतरू दिल्या जात नव्हत्या त्या वस्तीतही जावे. आमच्या त्याच बारवेबद्दल एका आजोबांनी सांगितले, की त्यांची आई वरच्या काठाशी घागर ठेवून कोणीतरी पाणी ओतण्याची वाट पाहत उभी राहत असे, आणि जिथे ती उभी राहायची तो दगड त्यांनी मला हात धरून नेऊन दाखवला. ही आठवण व्याख्यानात सांगायची की नाही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आम्ही आजोबांनाच विचारले. त्यांनी स्वतः बोलायचे ठरवले, आणि त्या संध्याकाळी ते बोलले तेव्हा मंडपात पूर्ण शांतता होती. असे प्रसंग वक्त्याने परस्पर सांगू नयेत. ज्याची आठवण आहे त्याची संमती, आणि जमल्यास त्याचाच आवाज, असावा.

वहीतले तीन रकाने

जमलेली सगळी माहिती तीन रकान्यांत मांडावी : पाहिलेले, लिहिलेले, सांगितलेले. मग व्याख्यानातल्या प्रत्येक वाक्यापुढे 'कशावरून?' असे स्वतःला विचारावे आणि क्रियापद त्याप्रमाणे निवडावे. "दक्षिणेच्या भिंतीत दोन कोनाडे आहेत", "जुन्या नकाशात येथे वेस दाखवली आहे", "ही बारव एका रात्रीत बांधली असे सांगतात." आख्यायिका गाळू नये आणि तिची टर उडवू नये, गावाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. ती आख्यायिका म्हणून आदराने सांगावी, एवढेच. ऐकणाऱ्यांना हा फरक सहज कळतो. दुसऱ्या-तिसऱ्या व्याख्यानापासून मुलेच वक्त्याला 'कशावरून?' विचारू लागतात, आणि मला यापेक्षा अधिक समाधान कशाने मिळालेले नाही.

प्रत्यक्ष मांडणी

दुपारी फेरी, रात्री व्याख्यान, असे दोन भाग करावेत. फेरीत वीस-पंचवीस माणसांपेक्षा अधिक नकोत. वीरगळ असेल तर ती खालून वर वाचायला शिकवावी : खालच्या चौकटीत लढाई, तीत गुरे दिसली तर तो वीर गुरे राखताना पडला असा अर्थ, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. रोज ज्या दगडाला टेकून बसतो तो वाचता येतो, हे कळल्यावर माणसे त्याला टेकायची थांबतात. काटकोनात वळलेला, बांगड्या घातलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा; तेथे गौरवाची भाषा वापरू नये, काय कोरले आहे तेवढे सांगावे.

रात्रीचे व्याख्यान चाळीस मिनिटांचे असावे आणि ते वास्तूपासून सुरू होऊन बाहेर जावे. प्रोजेक्टर मिळाला तर उत्तम, पण वीज जाते म्हणून मोठ्या कागदावर छापलेले आठ-दहा फोटो हातोहात फिरवायला जवळ असू द्यावेत. आमच्याकडे सर्वांत परिणामकारक ठरली ती रांगोळी. बारवेची आतली बाजू 28 फूट होती. बचत गटातल्या महिलांनी शाळेच्या अंगणात तिचा आराखडा सात फुटांचा, म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्शाएवढा, पायऱ्या आणि कोनाड्यांसह काढला. प्रत्येक टप्प्यावर पायऱ्या कशा वळतात हे लोकांनी त्याभोवती फिरून पाहिले, आणि दोघींनी आमची एक पायरी मोजायची राहिली आहे हे दाखवून दिले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले तर ती गाळाखाली होती.

वक्ता बाहेरचा असेल तर त्याला आदल्या दिवशी बोलवावे आणि वास्तू दाखवावी. सत्कार, हार, मान्यवरांची भाषणे यांना मिळून दहा मिनिटांच्या वर देऊ नयेत. हे आधीच सरपंचांशी नम्रपणे बोलून ठेवावे. बैठक अशी ठेवावी की स्त्रिया मागे ढकलल्या जाणार नाहीत. प्रश्नोत्तरांना व्याख्यानाइतकाच वेळ ठेवावा.

हमखास येणारे प्रश्न

पहिला प्रश्न भुयाराचा असतो. उत्तर साधे द्यावे : भुयार आम्हाला दिसलेले नाही, जे दिसले ते हे. दुसरा गुप्तधनाचा, आणि येथे फार जपावे लागते. एका गावात वक्ते उत्साहाच्या भरात "या पांढरीखाली मोठा ठेवा दडला आहे" असे म्हणाले. त्यांना म्हणायचे होते खापरे आणि मणी. पंधरा दिवसांत टेकाडाच्या पायथ्याशी रात्रीतून खड्डा पडला होता. म्हणून 'ठेवा', 'खजिना', 'संपत्ती' हे शब्दच व्याख्यानात येऊ देऊ नयेत, आणि 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे स्पष्ट सांगावे. पांढरीची माती खत म्हणून वावरात नेण्याची पद्धत आहे. तिच्यावर टीका करण्यापेक्षा त्या मातीतून निघालेली खापरे शाळेत आणून द्या, आणि कोठून निघाली ते सांगा, असे म्हटलेले लोकांना पटते.

तिसरा प्रश्न भीतीचा असतो : "पुरातत्त्ववाले आले तं आमचं घर जाईन का?" ही भीती निराधार म्हणून झटकू नये. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर विनियमित क्षेत्र असते, 2010 च्या दुरुस्तीने हे नियम अधिक कडक झाले, आणि त्या परिघातल्या माणसाला साधी डागडुजी करायची तरी परवानगीचा अर्ज करावा लागतो. हे जसे आहे तसे सांगावे, आणि यादीत नसलेल्या वास्तूवर व्याख्यान झाल्यामुळे ती आपोआप संरक्षित होत नाही, हेही सांगावे.

देवस्थान आधी कोणाचे, अशा प्रश्नाला व्यासपीठावरून निवाडा देऊ नये. तीन रकाने उघडून जे दिसते, जे लिहिले आहे आणि जे दोन्ही बाजू सांगतात ते वाचावे, आणि तेथेच थांबावे.

व्याख्यानानंतरचे काम

दोन-तीन दिवसांत, उत्साह असतानाच, ग्रामसभेसाठी एक साधा ठराव तयार करावा : वास्तूची स्वच्छता कोण करणार, काठावर वाहने व जनरेटर उभे न करणे, आणि जीर्णोद्धार करण्यापूर्वी जाणकाराला दाखवणे. या शेवटच्या कलमाचा आग्रह धरावा. जुन्या दगडी-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात; चुन्याचा सांधा चुन्यानेच भरावा लागतो. तैलरंग आणि चकचकीत फरशी यांनीही तेच होते. शेंदूर मात्र खरवडायला जाऊ नये. तो श्रद्धेचा भाग आहे, आणि नीट न काढल्यास दगडाची कोरीव कड त्याबरोबर निघून येते.

शेवटी, व्याख्यानाची सोळा-वीस पानांची पुस्तिका करावी, तीन रकाने, मापे, आराखडा आणि माहिती देणाऱ्यांची, त्यांची संमती असेल तर, नावे घालून. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक वाचनालयात. मागची दहा पाने कोरी सोडावीत आणि सोबत दोरीने पेन बांधून ठेवावा. आमच्या पहिल्या पुस्तिकेच्या कोऱ्या पानांवर पहिली नोंद एका सहावीतल्या मुलीची आहे : गाळाखालच्या पायरीची लांबी, फूट आणि इंचांत.